डेसमंडचा कोड बदलला

१

मेलेल्या माणसाची पेस्लिप प्रिंटरमधून बाहेर येते तेव्हा ती जिवंत माणसाच्या पेस्लिपइतकीच गरम असते. डेसमंड पिकव्हान्सची माझ्या हातात पडली ती फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला. त्याला जाऊन तेव्हा सत्तावीस दिवस झाले होते.

पगाराची चिठ्ठी निघाली यात नवल नव्हतं. न घेतलेल्या रजेचे पैसे द्यायचे होते. क्लफडेनच्या ऑलरेनशॉ स्लिपर कारखान्यात मी, लॉरेन बर्टविसल, एकतीस वर्षं पगार करतेय. अशा शेवटच्या चिठ्ठ्या मी आधीही छापल्यात आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवलेय. पण या चिठ्ठीची घडी घालताना कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर गेली आणि हात थांबला. ऑक्टोबरपासून तिथे ८६१ होता. आता १२५७ होता.

तो आकडा म्हणजे टॅक्स कोड. पुढे एक शून्य जोडायचं, की वर्षाचे तेवढे पौंड बिनकराचे. साध्यासुध्या माणसाचा कोड १२५७ असतो. खाली गेला की कर जास्त कापला जातो, वर गेला की कमी. कोड मी ठरवत नाही. टॅक्स ऑफिस ठरवतं आणि परस्पर आमच्या कॉम्प्युटरात धाडून देतं. का बदलला ते आम्हाला सांगत नाहीत. कारण लिहिलेलं पत्र फक्त कामगाराच्या घरी जातं.

आता मला सांगा, मेलेल्या माणसाचा कोड सुधारेल कशाला?

ऑक्टोबरात डेसमंड माझ्या खिडकीशी आला होता. दोन बोटांच्या पेरांनी टकटक करायची त्याची सवय. हातात टॅक्स ऑफिसचं पत्र. "लॉरेन, माझा कोड का गं घसरला? बघतेस जरा?" पगाराचा दिवस होता, मागे रांग होती. मी म्हटलं, "मी कोड बनवत नाही बाबा, नुसते भरते. त्यांना विचार." आणि खिडकी ओढून घेतली. पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या फेब्रुवारीत मी ती चिठ्ठी हातात धरून बसले होते आणि खिडकीवर दोनदा टकटक झाली. मी खिडकी उघडली. पलीकडे कोणी नव्हतं. मी घाबरले, सरळ सांगते. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली, कुलूप लावलं आणि त्यानंतर दर पगाराच्या दिवशी ती टकटक ऐकत राहिले.

२

जूनमधल्या एका सोमवारी डेसमंडची बायको ऑल्वेन माझ्या दारात आली. गुरुवारी कोरोनरपुढे, म्हणजे अपघाती मृत्यूंची तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, चौकशी होती. नवरा कसा मेला ते त्या दिवशी कायमचं लिहिलं जाणार होतं.

कसा मेला ते गावाला ठाऊकच होतं. शनिवारी सकाळी गावातल्या बँडचे मोठे ढोल घेऊन तो कारखान्याच्या व्हॅनने डोंगरावरून निघाला, उतारावर गाडी आवरली नाही आणि तो जलाशयात गेला. ढोल तरंगत वर आले. डेसमंडला वर यायला दोन दिवस लागले. प्रश्न व्हॅनचा होता. कारखान्याने पोलिसांना लिहून दिलं होतं की ती गाडी नववर्षापासून बंद करून ठेवली होती, किल्ली कपाटात होती आणि डेसमंडने ती कोणाला न विचारता उचलली.

"म्हणजे चोरली," ऑल्वेन म्हणाली. तिने कोट काढला नाही. "चिप्सच्या दुकानात मी शिरले की बोलणं बंद होतं. बँडवाल्यांनी त्याची खुर्ची काढून टाकली. तेवीस वर्षं त्याने त्यांचे ढोल वाहिले गं."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तो मला म्हणाला होता, शनिवार-रविवार गाडी माझीच असते. मी म्हटलं, बरं. कागद माग असं नवऱ्याला कोणी सांगतं का?" तिने पिशवी जवळ ओढली. "मला पैसे नकोत, लॉरेन. तो चोर होता असं कोणी लिहू नये, एवढंच हवंय."

मग तिने पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढला. सगळी डेसमंडच्या नावाची, एकही न उघडलेलं. रोज सकाळी टपालाच्या फटीतून ती आत पडायची आणि रोज ती उचलून ड्रॉवरमध्ये ठेवायची. उघडली तर तो खरंच गेला असं व्हायचं, म्हणाली. वरचं तपकिरी पाकीट टॅक्स ऑफिसचं होतं.

मला माझ्या ड्रॉवरमधली चिठ्ठी आठवली. गेले चार महिने मला दुसरं काही आठवतच नव्हतं, खरं तर.

"उद्या मंगळवार," मी म्हटलं. "चॅपेलच्या हॉलमध्ये मिस सगडन बसते. तिच्याकडे जाऊ."

३

विनिफ्रेड सगडन शहाहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं टॅक्स ऑफिसात काढली आणि आता दर मंगळवारी म्हाताऱ्या मंडळींची पत्रं फुकट वाचून देते. चहा मात्र तिच्यासमोर प्यायचा नाही. एकदा कोणीतरी कागदांवर सांडला होता.

तिने आधी तपकिरी पाकीट फोडलं. फेब्रुवारीचं पत्र, कोड १२५७, वजावट काही नाही. मग मी आणलेल्या त्याच्या दोन पेस्लिपा शेजारी ठेवल्या, जानेवारीची ८६१ची आणि फेब्रुवारीची.

"ऑक्टोबरचं पत्र कुठेय? ८६१ का केला ते त्यात लिहिलेलं असणार."

"तो सगळे कागद कोटाच्या खिशात ठेवायचा," ऑल्वेन म्हणाली. "कोट त्याच्या अंगावर होता."

 पाण्यात भिजून लगदा झालेला तो कागद माझ्या डोळ्यांपुढे आला. मी वाचला असता तर आज मला पाठ असता.

"ऑफिसला फोन केलात?"

"सकाळी केला होता," मी म्हटलं. "लाइनवर पंचावन्न मिनिटं नुसता बाजा ऐकला. मग ती मुलगी म्हणाली, अर्ज पाठवा, सहा आठवडे लागतील."

"चौकशी परवा आहे," मिस सगडन म्हणाली. "ठीक आहे. पत्र नसलं तरी आकडे आहेत." तिने पेन्सिल घेतली. "लॉरेन, कोड कमी का होतो?"

"कंपनी पगाराशिवाय काही देत असली तर. गाडी, दवाखान्याचा विमा, असलं काही. त्याची किंमत बिनकराच्या रकमेतून वजा होते. नाहीतर मागचा कर थकलेला असला तर."

"बाराशे सत्तावन्नातून आठशे एकसष्ट गेले?"

"तीनशे शहाण्णव."

"शून्य जोड."

"तीन हजार नऊशे साठ." आणि मी बोलता बोलता थांबले. पगाराच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला हा आकडा झोपेतही ओळखू येतो, आणि मला चार महिने जागेपणी ओळखता आला नव्हता.

"काय झालं?" ऑल्वेनने विचारलं.

मिस सगडनने पेन्सिल खाली ठेवली. "विम्याची किंमत प्रत्येकाची वेगळी. मोटारीची तिच्या किमतीवर आणि धुरावर. पण कंपनीची व्हॅन कोणी घरच्या कामाला वापरत असेल, तर त्या वर्षी देशभर एकच ठरलेला आकडा होता. व्हॅन नवी असो, खटारा असो. तीन हजार नऊशे साठ." तिने ऑल्वेनचा हात धरला नाही, ती तसली बाई नाही. "तुमच्या नवऱ्याला व्हॅन दिली आहे असं बहुतेक कंपनीनेच टॅक्स ऑफिसला कळवलं होतं. तो त्या व्हॅनवर कर भरत होता, बाई. चोरलेल्या गाडीवर कर कोणी भरत नाही."

ऑल्वेन रडायला लागली. मी पण रडले असते, पण मिस सगडन माझ्याकडे पाहत होती.

"आता दुसरी गोष्ट. तो गेल्यावर कोणीतरी ते पुसलंय. कोणी?"

४

बुधवारी सकाळी मिस सगडन कारखान्याच्या दुकानात सपाता घ्यायला आली. निदान तिने तसं सांगितलं. तिथून ती सरळ वर क्रिस्पिनच्या खोलीत गेली आणि मला बरोबर घेऊन गेली.

क्रिस्पिन म्हणजे आमचे मालक ऑलरेनशॉ साहेब, त्यांचा जावई. साहेब सत्तरी ओलांडलेले, म्हणून गेल्या सप्टेंबरात हा लंडनहून येऊन कारभार बघायला लागला. पोलिसांना निवेदन यानेच दिलं होतं. माणूस दिसायला गोड आणि बोलायला त्याहून गोड. मला पहिल्यापासून आवडला नाही, आणि खोटं का बोलू, तोच गुन्हेगार निघावा अशी माझी फार इच्छा होती.

"टॅक्स कोड?" तो हसला. "लॉरेन, तुम्ही कोडवरून भुतं काढताय. मागचा कर थकला असेल बिचाऱ्याचा. असं होतं ना? थकबाकी कोडमधून वसूल करतात."

"करतात," मिस सगडन म्हणाली. "सातशे ब्याण्णव पौंडांची थकबाकी असती तर कोड बरोबर एवढाच घसरला असता."

तीन हजार नऊशे साठवर वीस टक्के कर म्हणजे तेवढेच. आकडा बरोबर होता. उद्या कोरोनरपुढे कोणीही वकील हेच म्हणाला असता आणि आमचं सगळं तिथेच संपलं असतं.

"झालं तर मग," क्रिस्पिन म्हणाला.

"नाही झालं. माणूस मेल्याने सरकारचं देणं बुडत नाही. चाळीस वर्षांत मी एकालाही सोडलं नाही, विधवा रडत आल्या तरी. थकबाकी असती तर ती राहिली असती. इथे तो मेल्यावर वजावट नाहीशी झाली, कोड स्वच्छ झाला. तसं एकाच कारणाने होतं. ज्या कंपनीने सोय दिली असं कळवलं, तीच मागाहून सांगते, नव्हती दिली, चूक झाली. त्यासाठी दुरुस्तीचा फॉर्म लागतो."

"कुठला फॉर्म?" क्रिस्पिनने विचारलं.

ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग उठली.

खाली गाड्यांच्या शेडमध्ये लेनी मेकॅनिक होता. डेसमंडचा बालपणीचा दोस्त, बँडमध्ये त्याच्या शेजारी बसायचा. त्याने चिंध्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले.

"व्हॅन बंद होती?" मिस सगडनने विचारलं.

"तसं निवेदनात आहे."

"मी निवेदन वाचलंय. तुला विचारतेय."

"दर शनिवारी तो इथून घेऊन जायचा," लेनी जमिनीकडे बघत म्हणाला. "ब्रेक गेलेत म्हणून मी जानेवारीत कागद दिला होता. वर ऑफिसातल्या ट्रेमध्ये ठेवला. पुढे काय झालं मला माहीत नाही. डेसला म्हटलं, जपून जा. जपून जा म्हटलं मी त्याला."

"उद्या हे सांगशील?"

"पेन्शनला चार वर्षं आहेत, बाई. आणि माझ्याकडे कागदाची प्रत नाही." त्याने चिंधी पुन्हा उचलली. "डेस रोज इथे येतो. बॉनेट उघडलं की माझ्या मागे उभा असतो. काही बोलत नाही."

मी त्याला वेडा म्हणाले नाही. म्हणणार तरी कुठल्या तोंडाने?

५

पगाराच्या खोलीत येऊन मी पाठवलेल्या फॉर्मची नोंद उघडली. दुरुस्तीचा फॉर्म तिथे होता. तीन फेब्रुवारी, सोमवार, सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं. डेसमंड तेव्हा पाण्यात होता.

पाठवणाऱ्याचं नाव होतं एल. बर्टविसल.

"हे मी केलं नाही," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच मला कळलं की मीच केलंय. तो सोमवार मला आठवत होता तो नुसता रडण्याचा. कारखान्यात सगळेच रडत होते. टेबलावर जे कागद आले ते मी भरत गेले. पगारवाल्यांची हीच खोड. दुरुस्तीची यादी आली की आम्ही विचारत नाही, भरतो. त्रेचाळीस माणसं, त्यांचे फोन, विमे, गाड्या. गेल्या जुलैत डेसमंडच्या नावापुढे व्हॅन लिहिली तीही मीच असणार, आणि मला त्यातलं अक्षरही आठवत नव्हतं.

पण आमची दुसरीही खोड आहे. आम्ही कागद फेकत नाही. यादी फाइलमध्ये सापडली. टाइप केलेली, खाली सही नाही. तीन ओळी. फ्रेडाच्या विम्याची रक्कम चुकली, ती सुधारा. डेसमंड पिकव्हान्स, व्हॅन काढा. गसच्या फोनचे आकडे दोनदा आलेत, एकदा काढा.

"क्रिस्पिनच," मी म्हटलं. "दुसरं कोण?"

मिस सगडनने यादी दोनदा वाचली. "क्रिस्पिनला असा फॉर्म असतो हेच ठाऊक नाही. आणि व्हॅन कळवणारा मूळ फॉर्म गेला जुलैत, क्रिस्पिन आला सप्टेंबरात. सासऱ्याने सांगितलं ते त्याने पोलिसांना सांगितलं, एवढंच. लेनीला तर हे कागद दिसतही नाहीत. मला सांग, फ्रेडाची आणि गसची चूक खरी होती?"

"हो. मलाच जानेवारीत सापडली होती."

"कोणाला बोललीस?"

मी मान फिरवली. तिने घाई केली नाही. बाहेर डोंगरावर धुकं उतरत होतं आणि यंत्रं जेवणाच्या सुट्टीसाठी एकेक करून बंद होत होती.

"एकालाच," मी शेवटी म्हटलं. "चहा घेऊन गेले होते तेव्हा. ते म्हणाले, सवडीने करू गं, घाई काय."

खऱ्या दोन चुकांच्या मध्ये ते खोटं ठेवलं होतं, म्हणजे मी बघणार नाही. मी कशी काम करते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी मला कामाला लावलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. माझी आई गेली तेव्हा त्यांनी स्वतः मला हॉस्पिटलात नेऊन सोडलं होतं. डेसमंडच्या शवपेटीला खांदा देताना सगळ्यांत मोठ्याने रडले होते तेच.

६

ऑलरेनशॉ साहेब बँडच्या खोलीत एकटेच बसले होते. बँडचे अध्यक्ष तेच. मी यादी त्यांच्या मांडीवर ठेवली. मिस सगडन दाराशी उभी राहिली.

त्यांनी ती वाचली नाही. "व्हॅन मीच दिली होती त्याला. ढोलांसाठी. तोंडी. जुलैत तुझ्या फॉर्मवर लिहायला लावली, कारण नियम म्हणजे नियम."

"आणि लेनीचा कागद?"

"वाचला होता. म्हटलं, बँडची स्पर्धा होऊन जाऊ दे, मग टाकू दुरुस्तीला. ढोल न्यायला दुसरी गाडी नव्हती." त्यांनी चष्मा काढला. "एका महिन्याचा प्रश्न होता, लॉरेन."

"तुम्ही त्याला चोर केलंत."

"तो मेला होता गं. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? हे बाहेर आलं असतं तर कारखाना बंद पडला असता. त्रेचाळीस घरं आहेत. तुझंही त्यातच." मग ते फार हळू आवाजात म्हणाले, "ती ऑल्वेन रस्त्यात मला नमस्कार करते अजून. मी पलीकडच्या बाजूने चालायला लागलोय."

"उद्या तुम्ही सांगा साहेब. तुमच्या तोंडाने."

"माझ्याने होणार नाही." त्यांनी यादी उचलली आणि मला परत दिली. फाडू शकले असते. "बटण तू दाबलंस हे लक्षात आहे ना? त्यांनी विचारलं तर नाव तुझं येईल."

ही धमकी नव्हती. त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती, आणि म्हणूनच मला तिथे थांबवेना.

७

गुरुवारी कोरोनरपुढे क्रिस्पिनने निवेदन वाचलं. कोरोनर शांत, बारीक आवाजाची बाई. आणखी कोणाला काही सांगायचंय का, असं तिने विचारलं. लेनी मान खाली घालून बसला होता. ऑलरेनशॉ साहेब पुढच्या रांगेत होते. मला त्यांची नुसती मान दिसत होती.

मी उभी राहिले. दोन पेस्लिपा दिल्या, यादी दिली, नऊ वाजून बारा मिनिटांची नोंद दिली. मिस सगडनने शिकवलं होतं तसं एकेक करून सांगितलं. कोड काय, व्हॅनचा आकडा काय, थकबाकी का नाही. जुलैचा मूळ फॉर्म टॅक्स ऑफिसात अजून आहे, तुम्ही मागितलात तर त्यांना द्यावाच लागेल, हेही सांगितलं.

"ही दुरुस्ती कोणी पाठवली?" कोरोनरने विचारलं.

"मी."

"खोटी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. मी वाचलं नाही." आणखी एक सांगायचं होतं. "त्याने ऑक्टोबरात मला पत्र वाचायला दिलं होतं, तेही मी वाचलं नाही."

मागे खुर्ची सरकली. लेनी उठला होता. "ब्रेकचा कागद मी दिला होता," तो म्हणाला. "दर शनिवारी गाडी त्याच्याकडेच असायची. साहेबांनीच दिली होती, मी होतो तिथे." साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा, आणि म्हणाले की त्यांना बोलायचंय.

चार वाजता कोरोनरने आपला निष्कर्ष लिहिला. डेसमंड पिकव्हान्स, वय एकसष्ट, मालकाच्या परवानगीने त्याच्याकडे असलेली गाडी चालवत असताना. पुढचं ब्रेकबद्दलचं आणि पोलिसांकडे कागद पाठवण्याचं मला नीट ऐकू आलं नाही. ते पहिलं वाक्य ऑल्वेनने कोरोनरला पुन्हा वाचायला लावलं.

बाहेर पायऱ्यांवर ती मला भेटली. माझी नोकरी गेल्यातच जमा होती आणि आता तीही तोंड फिरवणार असं मी धरून चालले होते.

"सोमवारी सकाळी नऊ वाजता," ती म्हणाली. "मी तेव्हा काठावर उभी होते. पाणबुडे शोधत होते त्याला. तू तेव्हा ते पाठवलंस."

"हो."

 तिच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती, आणि मी मागितलीही नाही.

"शनिवारी ये," ती म्हणाली. "त्याचे कपडे आवरायचेत. एकटीने होत नाही माझ्याने."